गल्लीच्या नळाची नोंदवही : पिण्याच्या पाण्यावर नागरिकांनी लक्ष कसे ठेवावे

ग्वाल्हेर शहराला पिण्याचे पाणी मुख्यतः सांक नदीवरील तिघरा धरणातून मिळते आणि मोतीझील येथे त्याचे शुद्धीकरण होते. पाणी दूषित आले की आपला पहिला संशय धरणावर आणि शुद्धीकरण केंद्रावर जातो. मात्र लष्कर या ग्वाल्हेरच्या भागातील जुन्या गल्ल्यांमध्ये अनेक वर्षे राहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की पाणी बहुतेक वेळा शेवटच्या शंभर-दोनशे मीटरमध्ये, म्हणजे मुख्य वाहिनी आणि आपला नळ यांच्या मध्ये बिघडते. या टप्प्यावर दररोज लक्ष ठेवणारे तिथे राहणाऱ्या माणसांखेरीज दुसरे कोणी नसते. केंद्रावर रोज चाचणी होत असली, तरी आपल्या दारासमोरच्या नालीतून गेलेल्या अर्ध्या इंची नळीची चाचणी कोणत्याही वेळापत्रकात नसते. ती आपणच केली पाहिजे, आणि पद्धतशीर केली तर ती अवघड नाही.

नळीचा मार्ग चालून पाहा

कोणतेही उपकरण विकत घेण्यापूर्वी एका सकाळी, पाणी येण्याच्या वेळी, गल्लीच्या तोंडापासून आपल्या घरापर्यंत चालत जा आणि वहीच्या एका पानावर साधा नकाशा काढा. मुख्य वाहिनी कोणत्या बाजूने जाते, वॉल्व कोठे आहे, सीवरची, म्हणजे मैलापाण्याच्या वाहिनीची, चेंबरे कोठे आहेत, कोणत्या घराची नळी नाली ओलांडून जाते आणि कोणती नालीतूनच गेली आहे, हे त्यात दाखवा. आमच्या गल्लीत हे काम आम्ही प्रथम केले तेव्हा एका पुलियाखाली, म्हणजे नालीवरच्या छोट्या पुलाखाली, अकरा नळ्यांची जुडी नालीच्या पाण्यात बुडालेली दिसली. त्यांपैकी एका नळीच्या सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी सुतळीने आवळून बांधलेली होती. पाणी चालू असताना त्या पट्टीतून बारीक धार उडत होती, आणि पाणी बंद झाल्यावर त्याच जागी नालीचे पाणी स्थिर उभे होते.

या दृश्यात दूषित पाण्याचे सारे कारण सामावलेले आहे. पुरवठा चोवीस तास असेल तर नळीतील दाब बाहेरच्या घाणीला आत येऊ देत नाही, आणि गळती असली तरी पाणी केवळ बाहेर जाते. आपल्याकडे मात्र पाणी ठरावीक वेळीच येते, आणि उरलेला सगळा वेळ नळी रिकामी किंवा अर्धी भरलेली असते. त्या वेळात फुटक्या सांध्यातून नालीचे वा सीवरचे पाणी आत झिरपते आणि पुरवठा सुरू होताच पहिल्या लोंढ्याबरोबर घराघरांत पोहोचते. त्यात कोणी नळाला थेट टिल्लू पंप, म्हणजे पाणी खेचणारा छोटा विजेचा पंप, लावला असेल तर दाब आणखी घटतो आणि पंप नळीबाहेरची घाण अक्षरशः ओढून आत घेतो. म्हणून थेट नळाला पंप लावणे हा शेजाऱ्यांचे पाणी पळवण्याचा प्रश्न तर आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न आरोग्याचा आहे. ज्यांना पंप अपरिहार्य आहे त्यांनी पाणी आधी जमिनीलगतच्या हौदात घ्यावे आणि हौदातून वर चढवावे.

नोंदवही

माझ्या दृष्टीने या संपूर्ण कामाचा कणा नोंदवही हाच आहे. पहिल्यांदा आम्ही तक्रार केली तेव्हा ‘पाणी खराब येत आहे’ एवढेच सांगितले होते. पाहणीसाठी माणूस आला तो दुपारी. त्या वेळी नळाला पाणीच नव्हते, आणि तक्रार निकाली निघाली. दुसऱ्यांदा आम्ही एकवीस दिवसांच्या नोंदी सोबत नेल्या तेव्हा तेच बोलणे वेगळ्या पातळीवर गेले, कारण आता चर्चा आमच्या मताची नव्हती. ती तारीख, वेळ आणि घराची होती.

गल्लीतील निदान चार-पाच घरे निवडा. एक वॉल्वजवळचे, एक-दोन मधली, एक शेवटच्या टोकाचे आणि जमल्यास एक असे जिथे नळी नालीतून गेलेली नाही. प्रत्येक घरी पाणी सुरू होताच पहिल्या मिनिटात एक पारदर्शक काचेचा पेला भरा आणि पंधरा मिनिटांनी दुसरा. दोन्ही पेले पांढऱ्या कागदावर ठेवून रंग आणि गढूळपणा पाहा; पेल्यामागे वर्तमानपत्र धरून अक्षरे स्पष्ट वाचता येतात का, हेही पाहा. वास तपासण्यासाठी स्वच्छ बाटली अर्धी भरून झाकण लावा, जोराने हलवा आणि झाकण उघडताच वास घ्या, कारण उघड्या पेल्यात न जाणवणारा सीवरचा वास अशा बाटलीत लगेच कळतो. तारीख, पाणी येण्याची आणि जाण्याची वेळ, दोन्ही पेल्यांचे वर्णन, वास आणि आदल्या दिवशी पाऊस झाला होता का, इतके लिहिले म्हणजे पुरे.

दोन पेल्यांतील फरक फार बोलका असतो. पहिला पेला पिवळट आणि वासाचा, तर पंधरा मिनिटांनी भरलेला स्वच्छ असेल, तर घाण रिकाम्या नळीत साचते आहे आणि दोष बहुधा जवळच आहे. दोन्ही पेले सारखेच वाईट असतील तर सीवरचे पाणी सतत मिसळत असू शकते, आणि ही परिस्थिती अधिक गंभीर समजावी. वॉल्वजवळच्या घरी पाणी चांगले आणि तिसऱ्या घरापासून वाईट असेल तर खोदाई कोठे करायची, हे नोंदवहीच सांगते.

वहीत एक रकाना आजारांचाही ठेवा. त्यात नावे नकोत, फक्त घर क्रमांक, आजाराचे स्वरूप आणि तो सुरू झाल्याची तारीख असावी. जुलाब आणि उलट्या काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत दिसतात, पण विषमज्वराला साधारण एक ते तीन आठवडे लागतात आणि दूषित पाण्यातून होणारी कावीळ तर दोन ते सहा आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा प्रकट होते. म्हणजे आज एखाद्या मुलाला कावीळ झाली, तर त्याचे कारण महिनाभरापूर्वीच्या, आपण विसरून गेलेल्या एखाद्या सकाळच्या पाण्यात असू शकते. ती सकाळ वहीत लिहिलेली असेल तरच सापडते. एका आठवड्यात एकाच गल्लीतील दोन-तीन घरांत जुलाबाचे रुग्ण आढळले, तर वहीच्या पुढच्या पानाची वाट न पाहता आशा कार्यकर्ती आणि जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा व स्वास्थ्य अधिकाऱ्यांचे कार्यालय यांना त्याच दिवशी कळवावे.

क्लोरीनची चाचणी

घरी करता येण्याजोग्या चाचण्यांपैकी एकच निवडायची असेल तर मी उरलेल्या क्लोरीनची निवडेन. शुद्धीकरणानंतर पाण्यात थोडे क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवतात, ते वाटेत शिरणाऱ्या जंतूंचा नाश व्हावा म्हणून. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० (२०१२) नुसार, ते ग्राहकाच्या नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असावे. केंद्रातून निघालेले क्लोरीन नळापर्यंत शून्य झाले, तर ते बहुधा वाटेतल्या घाणीवर खर्च झालेले असते. म्हणून शून्य क्लोरीन हा वास येण्यापूर्वीचा इशारा मानावा.

बाजारात क्लोरीन तपासण्याच्या डीपीडी या रसायनाच्या गोळीचा संच मिळतो. गोळी विरघळल्यावर पाणी गुलाबी होते आणि रंगाची तुलना सोबतच्या पट्टीशी करायची असते. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळा रंग पाहण्याची जुनी पद्धत अजून चालते, पण ते रसायन आरोग्यास घातक मानले जाते, म्हणून डीपीडी घ्यावी. नळाला लावलेली जाळी किंवा प्लास्टिकची नळी काढा, पाणी थोडे वाहू द्या आणि चाचणी तिथेच, सावलीत, लगेच करा. ऊन आणि वेळ या दोन्हींनी क्लोरीन उडून जाते. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीत दुपारपर्यंत राहिलेल्या पाण्यात क्लोरीन सापडले नाही, तर त्याचा दोष नळावर टाकता येत नाही.

त्यासाठी एकाच दिवशी चार जागी चाचणी करावी : थेट येणारा नळ, जमिनीतला हौद, गच्चीच्या टाकीचा नळ आणि पाणी शुद्ध करणारे यंत्र असल्यास त्याचे पाणी. थेट नळाला ०.२ किंवा अधिक आणि टाकीत शून्य असेल तर आधी आपली टाकी पाहावी. थेट नळालाच शून्य असेल तर प्रश्न बाहेरचा आहे. महानगरपालिकेला पत्र लिहिण्यापूर्वी ही शहानिशा करणे प्रामाणिकपणाचे आहे आणि उपयोगाचेही, कारण समोरचा अधिकारी पहिला प्रश्न तुमच्या टाकीबद्दलच विचारणार आहे.

ग्वाल्हेरातच जन्मलेली बाटली

विष्ठेतून आलेल्या जंतूंचा संशय असेल तर हायड्रोजन सल्फाइडची छोटी बाटली उपयोगी पडते. ही साधी चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील, म्हणजे डीआरडीईतील, मांजा, मौर्य आणि राव या संशोधकांनी १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकातून जगापुढे मांडली, आणि ती पुढे अनेक देशांच्या खेड्यापाड्यांत वापरली गेली. तरीही ती आपल्याच शहरातली आहे हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. बाटलीत पोषक द्रव्य शोषलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरून झाकण घट्ट लावायचे आणि बाटली उबदार जागी ठेवायची. २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडले तर ते पिण्यास अयोग्य समजावे.

काही पथ्ये मात्र पाळावीत. बाटलीच्या तोंडाला किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये. ग्वाल्हेरच्या जानेवारीतल्या थंडीत जंतू वाढत नाहीत, त्यामुळे बाटली लोकरीच्या कपड्यात गुंडाळून घरातल्या सर्वांत उबदार जागी ठेवावी. थंडगार खिडकीत ठेवलेली बाटली स्वच्छ राहिली म्हणून निर्धास्त होऊ नये. ज्या बोअरिंगच्या, म्हणजे कूपनलिकेच्या, पाण्याला मुळातच सडक्या अंड्यासारखा वास असतो, तिथे ही चाचणी दिशाभूल करू शकते. काळी पडलेली बाटली ब्लीचिंग पावडरचे पाणी ओतून निर्जंतुक करावी आणि मगच टाकावी.

येथे टीडीएस मीटरबद्दल लिहिणे आवश्यक वाटते, कारण यंत्र विकणारे तो दाखवूनच पाणी शुद्ध की अशुद्ध हे ठरवतात. तो मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, आणि जंतूंबद्दल काहीही सांगत नाही. १५० आकडा दाखवणाऱ्या पाण्यात कावीळ असू शकते, आणि ६०० आकड्याचे बोअरिंगचे पाणी जंतुरहित असू शकते.

प्रयोगशाळेत नमुना देताना

घरच्या चाचण्या संशय दाखवतात. पुरावा म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या, म्हणजे पीएचईच्या, जिल्हा प्रयोगशाळेत किंवा एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळेत नमुना देता येतो. केंद्र सरकारच्या जल जीवन मिशन या पाणीपुरवठा योजनेखाली शासकीय प्रयोगशाळा अल्प शुल्कात सर्वसामान्य नागरिकांसाठी खुल्या करण्यात आल्या आहेत. आधी विचारणा करून त्यांच्याकडूनच बाटल्या घ्याव्यात.

जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लागते आणि तिच्यात क्लोरीनचा परिणाम थांबवणारे सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, म्हणून ती कधीही विसळू नये. नळाचे तोंड स्पिरिटने पुसावे किंवा ज्योतीने तापवावे, दोन-तीन मिनिटे पाणी सोडावे, बाटली वर थोडी जागा ठेवून भरावी आणि बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोहोचवावी. चोवीस तासांनंतरचा नमुना विश्वासार्ह नसतो. पहिल्या लोंढ्यातील घाण दाखवायची असेल तर दुसरा नमुना पाणी न सोडता पहिल्या मिनिटात घ्यावा आणि चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहावे. रासायनिक तपासणीसाठी याच्या उलट, स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी.

अहवाल हाती आल्यावर आधी जंतूंची ओळ पाहा : १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू एकही आढळता कामा नये, आणि येथे सवलतीची मर्यादा नाही. गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (हे गढूळपणा मोजण्याचे एकक) असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत. पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप, ६.५ ते ८.५ असावा. बोअरिंग आणि हातपंपाच्या पाण्यात नायट्रेट आणि फ्लोराइड अवश्य तपासून घ्यावेत. नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरहून अधिक असेल तर ते पाणी तान्ह्या बाळासाठी वापरूच नये, आणि ते उकळूनही चालत नाही, कारण उकळल्याने पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण वाढते. फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १ आणि कमाल १.५ मिलिग्रॅम आहे.

दुरुस्ती होईपर्यंत

पिण्याचे पाणी चांगली उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळत ठेवावे आणि त्याच भांड्यात झाकून ठेवावे. पाणी सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे ते हौदात घेऊ नये. ते वेगळ्या बादल्यांत भरून संडास धुण्यासाठी वापरावे. टाकी रिकामी करून घासल्यावर ती पुन्हा भरावी आणि १,००० लिटरला सुमारे १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवून, निवळलेले पाणी टाकीत घालावे. घरातील सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडून बंद करावेत, रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी सर्व पाणी सोडून द्यावे. हे प्रमाण टाकी निर्जंतुक करण्याचे आहे, पिण्याचे नव्हे. विहिरीचे पाणी पिण्यासाठी निर्जंतुक करायचे असल्यास प्रमाण १,००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम असते आणि तासभर थांबावे लागते.

तक्रार कशी लिहावी

अर्ज हिंदीत लिहावा, एका पानाचा असावा, आणि त्यात गल्ली, बाधित घरांचे क्रमांक, पाणी येण्याची वेळ, किती दिवसांच्या नोंदी आहेत आणि क्लोरीन कोठे शून्य आढळले, हे पहिल्या चार ओळींत यावे. सोबत नकाशा, नोंदवहीच्या प्रती, छायाचित्रे आणि अहवाल जोडावा. मागणी नेमकी असावी : ‘स्वच्छ पाणी द्या’ असे न लिहिता ‘अमुक ते अमुक घरांदरम्यान वाहिनी तपासावी, पाणी चालू असतानाच्या वेळी पाहणी व्हावी, नालीतील नळ्या वर उचलाव्यात’ असे लिहावे. अर्ज महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घ्यावी, पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना, प्रत द्यावी आणि १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर नोंद करून क्रमांक वहीत लिहावा. समाधान झाले का, असे विचारणारा फोन आल्यास घरातील प्रत्येकाला उत्तर ठाऊक असले पाहिजे : नळाचे पाणी पुन्हा तपासल्याशिवाय होकार देऊ नये. मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या जनसुनवाईत, म्हणजे तक्रारींच्या जाहीर सुनावणीत, चार-पाच घरांतील माणसे एकत्र गेली, आणि त्यांत घरात पाणी भरणाऱ्या स्त्रिया असल्या, तर अधिक बरे, कारण वेळ आणि वास यांबद्दल त्यांच्याइतके अचूक कोणी बोलू शकत नाही.

यानेही काम न झाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वापरावा. दहा रुपये शुल्काच्या अर्जात आपल्या भागाच्या मागील तीन महिन्यांच्या क्लोरीन नोंदी, जलनमुन्यांचे अहवाल आणि गळती दुरुस्तीची नोंद मागावी. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. माहिती एखाद्याच्या जीविताशी संबंधित असेल तर ४८ तासांची, आणि साथ चालू असताना तसे कारणासह लिहावे. या कायद्यातील माहितीच्या अधिकारात पदार्थांचे प्रमाणित नमुने घेण्याचाही समावेश आहे, आणि हा अधिकार फारसा वापरला जात नाही याचे मला वाईट वाटते.

नाले आणि नद्या

शहरातून वाहणाऱ्या स्वर्णरेखा आणि मुरार या नद्यांची अवस्था नळापासून वेगळी समजू नये, कारण त्यांच्या काठची बोअरिंगे आणि हातपंप त्याच जमिनीतून पाणी घेतात. महिन्यातून एकदा ठरलेल्या पुलावरून, ठरलेल्या वेळी छायाचित्र घ्यावे, आणि रंग, फेस, वास, मेलेले मासे, नव्याने जोडलेली एखादी नळी यांची नोंद ठेवावी. स्नानायोग्य पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन निदान ५ मिलिग्रॅम प्रति लिटर असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. कारखान्याचे सांडपाणी दिसल्यास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ग्वाल्हेर येथील प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवावे. त्यानंतर पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ पीठाकडे जाता येते, पण कारण उद्भवल्यापासून सहा महिन्यांची मर्यादा असते, म्हणून पहिल्या छायाचित्राची तारीख जपून ठेवावी. आपल्या मराठी घरांत गणपती बसतात, तेव्हा शाडूची मूर्ती आणून तिचे घरच्या बादलीत विसर्जन करणे आणि निर्माल्याचे खत करणे, एवढे तर आपल्याच हातात आहे.

खड्डा बुजण्यापूर्वी

दुरुस्तीसाठी गल्ली खोदली गेली की गल्लीतील एकाने तिथे उभे राहावे. फुटलेला सांधा बाहेर निघाल्यावर त्याचे छायाचित्र घ्यावे, नवी नळी सीवरच्या नळीपासून शक्य तितकी दूर आणि तिच्यापेक्षा वरच्या पातळीवर बसते आहे ना, हे पाहावे, आणि जुन्या नळीला नुसती पट्टी बांधून माती लोटली जात असेल तर तिथल्या तिथे नम्रपणे पण ठामपणे थांबवावे. दुरुस्तीनंतर पुढचे सलग तीन पुरवठे पहिल्या मिनिटाचा आणि पंधराव्या मिनिटाचा पेला पुन्हा भरावा, क्लोरीन तपासावे आणि एक नमुना प्रयोगशाळेत द्यावा. कावीळ उशिरा दिसत असल्यामुळे आजारांचा रकाना मात्र आणखी दोन महिने चालू ठेवावा. खड्डा बुजण्यापूर्वी जवळच्या भिंतीपासून सांध्यापर्यंतचे अंतर आणि त्याची खोली फीत लावून मोजावी आणि वहीच्या पहिल्या पानावरील नकाशात लिहावी. आमच्या नकाशात आता अशा तीन खुणा आहेत, आणि चौथ्या वेळी खोदणाऱ्यांनी फावडे लावण्यापूर्वी आमची वही मागून घेतली.